बॅटरीला ऊन लागतं

ऑगस्ट २००७ मध्ये देशभरातले लोक नोकियाच्या फोनचं मागचं झाकण काढून बॅटरीवरचा नंबर पडताळत होते. 'बीएल-५सी' ही तेव्हाची घरोघरी पोचलेली बॅटरी. त्यातल्या मात्सुशिता या जपानी कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्जिंगच्या वेळी शॉर्टसर्किट होऊन तापू शकतात, असं नोकियाने जाहीर केलं आणि त्या फुकट बदलून द्यायची तयारी दाखवली. बॅटरीकडे सगळ्यांचं एकदम लक्ष जाण्याची आपल्याकडची ती बहुधा पहिलीच वेळ.

त्यानंतर फोन पार बदलले. आतली बॅटरी मात्र आजही लिथियम-आयनच आहे. १९९१ साली सोनीने ती बाजारात आणली आणि तिच्यामागच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तिच्यात धन आणि ऋण अशा दोन पट्ट्या असतात आणि त्यांच्यामध्ये केसापेक्षाही पातळ असा प्लास्टिकचा पडदा. आतला द्रव ज्वलनशील असतो. हा पडदा फाटला किंवा वितळला, की दोन्ही पट्ट्या एकमेकींना टेकतात, उष्णता निर्माण होते, त्या उष्णतेने रासायनिक क्रिया वाढते आणि त्यातून आणखी उष्णता. याला थर्मल रनअवे म्हणतात. एकदा हे चक्र सुरू झालं, की चार्जर काढूनही ते थांबत नाही. २०१६ मध्ये सॅमसंगला गॅलक्सी नोट ७ हा फोन बंदच करावा लागला, तो यामुळेच. एका पुरवठादाराच्या बॅटरीत कोपऱ्याकडच्या पट्ट्या दबलेल्या होत्या, तर दुसऱ्याच्या बॅटरीत वेल्डिंगचे टोकदार कण राहिले होते.

तो दोष कारखान्यातला होता. पण फोन मागच्या खिशात ठेवून बसणं, स्वस्तातली डुप्लिकेट बॅटरी बसवून घेणं, फोन तापत असताना चार्जिंग चालू ठेवणं, यांनी आपणही त्याच पडद्यावर घाला घालतो. यातलं सगळ्यात दुर्लक्षित कारण म्हणजे उष्णता. साधारणपणे ४५ अंशांच्या वर ही बॅटरी चार्ज करू नये असं मानतात. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे हवेचंच तापमान तिथवर जातं. मग बाईकच्या हँडलला लावलेला, उन्हात नकाशा दाखवणारा आणि वर चार्जिंगलाही जोडलेला फोन किती तापत असेल! घरोघरी जिन्नस पोचवणाऱ्या मुलांचा दिवसच असा जातो. त्यांनी निदान चार्जिंग तरी सावलीत थांबून करावं. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर फोन अजिबात ठेवू नये.

रात्रभर चार्जिंगला लावलेल्या फोनची भीती मात्र मला अवाजवी वाटते. बॅटरी भरली की फोन स्वतःच विद्युतप्रवाह थांबवतो. धोका असतो तो उशीखाली किंवा गादीवर ठेवलेल्या फोनचा, कारण तिथे उष्णतेला बाहेर पडायला वाट नसते. टेबलावर, मोकळ्या हवेत ठेवा. 'बॅटरी पूर्ण उतरवून मगच चार्ज करा' हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला आहे. आजची बॅटरी २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान राहिली तर जास्त वर्षं टिकते, इतकंच.

चार्जरच्या बाबतीत मात्र काटकसर नको. भिंतीतल्या २३० व्होल्टपासून आपल्या हाताला वेगळं ठेवण्याचं काम चार्जरमधलं इन्सुलेशन करतं. चार्जिंगला लावलेल्या फोनवर बोलताना शॉक बसतो, तो बॅटरीचा नसतो, या निकामी इन्सुलेशनमुळे बसतो. नाव-गाव नसलेल्या चार्जरमध्ये नेमकी इथेच बचत केलेली असते. विकत घेताना भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहा. बॅटरीवरही तो असायला हवा. ओल्या हाताने चार्जर लावू नका, वायर सोललेली दिसली तर ती टाकून द्या.

बॅटरी फुगते तेव्हा आत वायू साठलेला असतो. स्क्रीन कडेने उचलली जाते, मागचं झाकण सुटतं, टेबलावर ठेवलेला फोन डुगडुगतो. असा फोन बंद करा, पुन्हा चार्जिंगला लावू नका, आणि टोचून हवा काढण्याचा प्रयोग तर चुकूनही करू नका. धूर निघू लागला तर आधी माणसांना लांब न्या, कारण त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात. जमलं तर मेन स्विच बंद करा. फोनमध्ये लिथियम धातूच्या रूपात नसतं, त्यामुळे चार्जर वेगळा असेल तर लांबून भरपूर पाणी ओतलेलं चालतं. त्याने बॅटरी थंड होते.

दिवाळीच्या आवराआवरीत कपाटातले जुने फोनही बाहेर काढा. फुगलेला असेल तो सर्व्हिस सेंटरला किंवा ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रावर द्या. घंटागाडीत टाकू नका, कारण तिथे कचरा दाबताना बॅटरी फुटू शकते. वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे, तेव्हा दुकानदाराला तसं हक्काने विचारा.