पंचांचा निर्णय आणि एकवाक्यता : पायचीताच्या नियमाचा एक विचार

पंचाकडून सामान्यतः दोन अपेक्षा केल्या जातात : निर्णय अचूक असावा आणि सारख्या प्रसंगी तो सारखा असावा. या दोन अपेक्षा एकच नव्हेत. क्रिकेटमधील पायचीताच्या नियमावरून हा भेद स्पष्ट करता येईल.

धावचीत हा घडलेल्या घटनेचा प्रश्न होय. १९९२ साली डर्बन येथील कसोटीत चित्रणाच्या आधारे तिसऱ्या पंचाने बाद ठरविलेला पहिला फलंदाज म्हणजे सचिन तेंडुलकर. तेथे यंत्राने केवळ पाहावयाचे होते. पायचीतात मात्र न घडलेल्या घटनेविषयी निर्णय द्यावयाचा असतो : पाय आड आला नसता, तर चेंडू यष्टींवर गेला असता काय? शिवाय चेंडू उजव्या यष्टीच्या बाहेर पायाला लागला असल्यास, फलंदाजाने तो खेळण्याचा खराखुरा प्रयत्न केला होता काय, हेही पंचालाच ठरवावे लागते. हेतू कोणत्याही यंत्राने मोजता येत नाही.

निर्णयाच्या पुनरावलोकनाची पद्धत २००८ साली भारत-श्रीलंका कसोटी मालिकेत प्रथम प्रयोगादाखल अवलंबिण्यात आली. आज या पद्धतीत चेंडूचा निम्म्याहून कमी भाग यष्टींना लागेल असे यंत्राचे अनुमान असल्यास मैदानावरील पंचाचा निर्णय कायम राहतो. परिणामी, तोच चेंडू एका पंचाने बाद म्हटल्यास बाद आणि दुसऱ्याने नाबाद म्हटल्यास नाबाद ठरतो. ही उघड विसंगती नव्हे काय, असा आक्षेप घेतला जातो.

आक्षेप वरवर सबळ आहे. परंतु चेंडूचा पुढील मार्ग हे अनुमान आहे, निरीक्षण नव्हे. अनुमान जेथे दुर्बल होते, तेथे मूळ निर्णय न बदलणे हाही नियमच होय, आणि तो दोन्ही पक्षांना सारखाच लागू आहे. यष्टींची सीमादेखील माणसानेच आखलेली आहे : २०२१ साली तिची वरची मर्यादा बेल्सच्या माथ्यापर्यंत उंचावण्यात आली, आणि पूर्वी नाबाद राहू शकणारे काही फलंदाज त्यामुळे बाद ठरू लागले.

तात्पर्य, एकवाक्यता फलात नव्हे, तर पद्धतीत शोधावी लागते. पहिल्या षटकात लावलेली कसोटी शेवटच्या षटकातही, आणि यजमानांना लावलेली पाहुण्यांनाही लावणे, हे पंचाचे खरे कर्तव्य. पराभूत संघ निर्णय मान्य करतो तो या विश्वासावरच. यंत्र पंचाची चूक दाखवू शकेल; हा विश्वास पंचालाच संपादन करावा लागतो.