पातळ पुस्तकाची बाजू

शासकीय तंत्रनिकेतन, फिनोलेक्स अकॅडमी, गोगटे-जोगळेकर महाविद्यालय यांचे प्रवेश आटोपले की रत्नागिरीच्या पुस्तकांच्या दुकानात दर पावसाळ्यात एकच प्रश्न ऐकू येतो: ‘सी शिकायचंय, कुठलं पुस्तक देता?’ विचारणारा सतरा-अठरा वर्षांचा असतो आणि मागे ओली छत्री मिटत वडील उभे असतात. काउंटरवर दोन पुस्तकं येतात, एक जाड, एक पातळ. वडील दोन्ही हातात घेऊन जोखतात आणि बहुतेक वेळा जाड पुस्तक घरी जातं. पैसे तेवढेच, पानं तिप्पट, मग हरकत काय? प्रस्तुत लेखकाने ही हरकत गेली तीसेक वर्षं भेटेल त्या पालकाला सांगितली आहे. आता ती सविस्तर मांडायची आहे.

सुरुवातीचा काळ झटपट ओलांडू. आयआयटी कानपूरमध्ये 1963 साली आयबीएम 1620 हे यंत्र आलं. तिथे शिकवणाऱ्या वैद्येश्वरन राजारामन यांनी फोरट्रानवर पुस्तक लिहिलं आणि पुढे कित्येक वर्षं भारतातल्या अभियांत्रिकीच्या मुलांनी प्रोग्रामिंगचा श्रीगणेशा त्यावरच केला. पुस्तक आटोपशीर होतं, किंमत विद्यार्थ्याच्या खिशाला झेपणारी होती. नंतर कोबोल आलं, बेसिक आलं, पास्कल आलं. त्यांची पुस्तकं आली तशी गेली.

थांबायचं ते 1978 पाशी. त्या वर्षी ब्रायन कर्निघन आणि डेनिस रिची यांचं ‘द सी प्रोग्रामिंग लँग्वेज’ निघालं. ही भाषा ज्यांनी घडवली ते रिची स्वतः लेखक, आणि पानं फक्त 228. भाषेचं प्रमाणीकरण होत असताना 1988 मध्ये दुसरी आवृत्ती आली, तीही 272 पानांवर थांबली. पहिल्याच प्रकरणात ‘हॅलो, वर्ल्ड’ पडद्यावर येतं. लगेच फॅरनहाइट-सेल्सिअसचा तक्ता. मग आलेल्या मजकुरातली अक्षरं मोजा, ओळी मोजा, शब्द मोजा. वाचक तिशी-पस्तिशीच्या पानापर्यंत पोचतो तेव्हा त्याच्या हातात खरोखर उपयोगी पडतील असे छोटे प्रोग्राम असतात. आणि वाटेत जागोजागी स्वाध्याय. उत्तरं पुस्तकात नाहीत.

उत्तरं नाहीत, हाच त्या पुस्तकाचा मोठा गुण. प्रस्तुत लेखकाच्या हाती त्याची स्वस्त भारतीय आवृत्ती आली ती उसनी, आठ दिवसांच्या बोलीवर. यंत्रावर बसायला आठवड्यातून दोन तास, तेही वीज असली तर. त्यामुळे प्रोग्राम आधी शंभर पानी वहीत उतरायचा. डाव्या पानावर प्रोग्राम, उजव्या पानावर चौकटी आखून प्रत्येक व्हेरिएबलची किंमत ओळीगणिक पेन्सिलीने बदलत जायची. शब्द मोजण्याच्या प्रोग्राममध्ये दोन शब्दांमध्ये तीन मोकळ्या जागा आल्या तर काय होतं, हे त्या चौकटींतच आधी कळलं. यंत्राने नंतर फक्त दुजोरा दिला. कोकणच्या दमटपणात त्या वहीची पानं फुगली आहेत, कडांना बुरशीचे ठिपके पडले आहेत, पण चौकटी अजून वाचता येतात.

या पुस्तकावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो खरा आहे. ज्याने आधी कुठलीच भाषा हाताळलेली नाही त्याला ते चढणीचं वाटतं. वाचकाला प्रोग्रामिंगची तोंडओळख आहे असं लेखकांनीच गृहीत धरलेलं आहे. ती चढण सोपी केली नागपूरच्या यशवंत कानेटकरांनी. त्यांचं ‘लेट अस सी’ घरात संगणक नसलेल्या, इंग्रजी चाचपडत वाचणाऱ्या लाखो मुलांना आपलं वाटलं. वाक्यं छोटी, उदाहरणं ओळखीची, प्रकरणाच्या शेवटी भरपूर प्रश्न. महाराष्ट्रातल्या एका शिक्षकाने देशभराला सी शिकवली, याचा आनंद इथे मोकळेपणाने नोंदवायला हवा.

पण जुन्या आवृत्त्या घराघरांतून पुढच्या पिढीकडे आल्या आणि तिथे घोटाळा झाला. त्या टर्बो सी या जुन्या कंपायलरच्या काळातल्या होत्या. टर्बो सीमध्ये इंट दोन बाइटचा, म्हणजे सर्वांत मोठी संख्या 32767. आजच्या नेहमीच्या कंपायलरवर तो चार बाइटचा असतो. मोठ्या भावाचं पुस्तक घेऊन बसलेली मुलगी साइझऑफ छापून बघते, पडद्यावर 4 येतात, पुस्तकात 2 असतात आणि ती स्वतःलाच चुकीचं ठरवते. क्लिअरस्क्रीन, गेटसीएच ही फंक्शन्स प्रमाण सीमध्ये कधीच नव्हती, ती टर्बो सीसारख्या काही कंपायलरांची सोय होती. म्हणून पुस्तक हातात आलं की आधी आवृत्तीचं वर्ष बघावं आणि पहिला प्रोग्राम आपल्या यंत्रावर जसाच्या तसा चालतो का ते तपासावं.

याहून मोठं नुकसान एका प्रश्नाने केलं. ‘आय ची किंमत 5 असेल तर आय++ + ++आय याचं उत्तर काय?’ कित्येक गाइडांत याचं ठाम उत्तर छापलेलं असतं. सीच्या प्रमाणानुसार याला उत्तरच नाही. एकाच विधानात एकच व्हेरिएबल दोनदा बदलला तर काय घडावं हे भाषेने ठरवलेलं नाही, एक कंपायलर एक आकडा देईल, दुसरा दुसरा. प्रस्तुत लेखकाने हे एका कार्यशाळेत सांगितलं तेव्हा एका अनुभवी प्राध्यापकांनी, ‘परीक्षेत मार्क कशाला मिळतात ते बघा’, असं सुनावलं होतं. त्या उत्तराशी तडजोड तेव्हाही झाली नाही, आजही होणार नाही. ज्या पुस्तकात हा प्रश्न ठाम उत्तरासह छापलेला दिसेल, ते तिथल्या तिथे मिटावं.

आता मराठीचा मुद्दा, जो या लेखकाने सर्वांत जास्त लावून धरला. मराठीत शास्त्र लिहिण्याची वाट कोकणाला नवी नाही. पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कलनगणितावर ‘शून्यलब्धी’ लिहिलं. आपल्या काळात 2021 साली पिंपरी-चिंचवडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकी मराठीतून सुरू झाली. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने सी आणि पायथनचे छोटे धडे मराठी आवाजात दिले. या प्रयत्नांचं मोल आहे. मात्र, प्रत्येक संज्ञेला संस्कृत प्रतिशब्द घडवला की पुस्तक मराठी झालं, असं मानणारा एक वर्ग आहे. पॉइंटरला ‘निर्देशक’ म्हटल्याने पॉइंटर समजत नाही. शब्द पॉइंटरच ठेवावा, समजावणं मराठी असावं.

उदाहरणार्थ, सातबारा. उताऱ्यावरचा गट नंबर म्हणजे जमीन नव्हे, जमीन कुठे आहे ते सांगणारा आकडा. पॉइंटर तसाच. फंक्शनला नुसती किंमत दिली, तर आपण त्याला बागेचा फोटो दिला. फोटोवर त्याने रेघोट्या मारल्या तरी कलमाचं पान हलत नाही. पण गट नंबर दिला, तर तो थेट बागेत जाऊन झाड तोडू शकतो. एकाच नंबराच्या चार झेरॉक्स काढल्या तरी बाग एकच, हेही त्यातच आलं. आणि जमीन विकल्यावर कपाटात राहिलेला जुना उतारा घेऊन कुणी काजू उतरवायला गेला तर जी भानगड होईल, तीच मेमरी मोकळी केल्यानंतर जुना पॉइंटर वापरला की होते. संगमेश्वरकडच्या, घरात जमिनीच्या वाटण्या पाहिलेल्या मुलांना हे एकदा सांगितलं की दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. असं पुस्तक मराठीत कुणीतरी लिहायला हवं, आणि ते दीडशे पानांचं असावं.

जावाबद्दल थोडक्यात: हजार पानांचे ग्रंथ संदर्भाला ठेवावेत, शिकायला घेऊ नयेत. पायथनची गोष्ट वेगळी. पायथन 2 चा अधिकृत आधार 1 जानेवारी 2020 ला संपला, तरी त्यावरची पुस्तकं सवलतीत विकली जातात. ओळखायची खूण सोपी आहे. 7 भागिले 2 चं उत्तर पुस्तकात 3 दिलं असेल तर ते जुनं, 3.5 असेल तर नवं. ॲलन डाउनी यांचं ‘थिंक पायथन’ लेखकाने स्वतःच नेटवर मोफत वाचायला ठेवलं आहे, प्रत्येक प्रकरणाला स्वाध्याय आहेत आणि पाल्हाळ नाही. अकरावीच्या मुलानेही ते घ्यावं.

आज चित्र असं की पुस्तकांत प्रकरणं आहेत, पण स्वाध्यायांच्या जागी मागच्या परीक्षांचे सोडवलेले प्रश्न आले आहेत. मुलं प्रोग्राम पाठ करून येतात. पुस्तकांचे दिवस संपले, व्हिडिओ बघून सगळं येतं, असंही ठासून सांगितलं जातं. व्हिडिओत टाइप करणाऱ्याचे हात चालतात, बघणाऱ्याचे मांडीवर असतात. अर्धविराम राहून गेल्यावर वीस मिनिटं स्वतः शोधण्यात जे शिकणं होतं, ते दुसऱ्याने सफाईने लिहिलेला प्रोग्राम पाहून होत नाही.

तेव्हा यंदा दुकानात उभं राहिल्यावर पहिलं प्रकरण वाचू नये, ते सगळ्यांचंच चांगलं असतं. सीचं पुस्तक असेल तर पॉइंटरचं प्रकरण उघडावं, पायथनचं असेल तर लिस्ट आणि डिक्शनरीचं. दोन पानं वाचून शेवटच्या स्वाध्यायातला एक प्रश्न मनात सोडवायला घ्यावा. प्रश्न कळला आणि उत्तर लगेच सुचलं नाही, तर ते पुस्तक घ्यावं. दुकानदार घाई करत असेल तर 1828 पासून चालू असलेल्या आपल्या जिल्हा नगर वाचनालयात जाऊन निवांत बसावं. सोबत शंभर पानी वही आणि पेन्सिल घ्यावी. पहिला स्वाध्याय हवा असेल तर हा घ्या: बारा बागायतदारांच्या पेट्या आल्या आहेत, प्रत्येक पेटीतल्या हापूसची वजनं ग्रॅममध्ये दिली आहेत, 250 ग्रॅमवरचे आंबे वेगळे काढून कुणाचे किती निघाले ते छापा. एखाद्या पेटीत एकही आंबा नसेल तर काय होईल, ते आधी वहीत बघा.