120 फेऱ्यांची पिछाडी

वरवंडच्या शिवारात उसाला पाणी देणाऱ्या थ्री-फेज मोटारीची पाटी एकदा निरखून वाचावी. 50 हर्ट्झच्या विजेवर दोन ध्रुवांच्या मोटारीतले चुंबकीय क्षेत्र मिनिटाला 3000 वेळा फिरते. पाटीवर मात्र 2880 किंवा त्याच्या आसपासचा आकडा असतो. हा फरक म्हणजे मोटारीचा दोष, असे अनेकांना वाटते. मला वाटते, विहिरीतले पाणी वर चढते ते याच पिछाडीच्या बळावर. रोटरला, म्हणजे मोटारीच्या फिरत्या भागाला, बाहेरून वीज जोडलेलीच नसते. त्याच्या लोखंडी गाभ्यात ॲल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या कांड्या असतात, दोन्ही टोकांना कड्यांनी जोडलेल्या, जणू पिंजराच. फिरते क्षेत्र या कांड्यांना ओलांडून पुढे सरकते तेव्हा त्यांत प्रवाह उपजतो, आणि प्रवाह वाहणाऱ्या कांडीला क्षेत्र आपल्यामागे खेचते. रोटरने 3000 गाठले, तर दोघे बरोबरीने चालतील, ओलांडणे थांबेल आणि प्रवाहासोबत जोरही संपेल.

यावर कुणी म्हणेल, चुंबक लोखंड ओढते, ॲल्युमिनियमला तर चिकटतही नाही. म्हणजे खेचला जातो तो गाभाच. पण फ्रान्समध्ये अरागो यांनी 1824च्या सुमारास होकायंत्राच्या सुईखाली तांब्याची तबकडी फिरवली आणि सुई तिच्यामागे वळली. तांबेही चुंबकाला चिकटत नाही. सुई वळण्याचे कारण फॅरडे यांनी 1831 साली उलगडले: धातू आणि चुंबक एकमेकांच्या तुलनेत हलले की धातूत प्रवाह वाहतो. गाभ्याचे लोखंड क्षेत्राला वाट सोपी करून देते, एवढेच. कांड्या तडकल्या, तर गाभा शाबूत असूनही मोटार लुळी पडते.

पिछाडी फुकट नसते, हे मात्र खरे. 3000मागे 120, म्हणजे रोटरकडे येणाऱ्या शक्तीतला 4 टक्के भाग कांड्यांत उष्णता होऊन जातो. व्होल्टेज उतरले की हा हिशेब बिघडतो. ते 80 टक्क्यांवर आले, तर तेवढ्याच पिछाडीला जोर 64 टक्केच मिळतो. पाण्याचा भार तोच, म्हणून रोटर आणखी मागे पडतो, करंट वाढतो आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. वायंडिंग जळते ते असे. मोटार नुसती घुमत असेल आणि फिरत नसेल, तर पिछाडी पुरती 3000 फेऱ्यांची असते आणि करंट नेहमीच्या कितीतरी पट. अशा वेळी स्टार्टर लगेच बंद करा, आणि तिन्ही फेज तपासल्याशिवाय पुन्हा बटण दाबू नका.