फजिती होते की केली जाते?

हल्ली आपली मुले सर्रास म्हणतात, ‘‘फार ऑकवर्ड झालं!’’ या एका इंग्रजी शब्दात आपण कितीतरी निरनिराळ्या गोष्टी कोंबतो. पाहुणे दारात आणि घरात दुधाचा थेंब नाही, ही पंचाईत. चारचौघांत भलतेच नाव तोंडून गेले, ही फजिती. मग मान खाली गेली, म्हणजे आपण खजील झालो. आणि लग्नाच्या मांडवात वळवाचा पाऊस घुसला, ती आफत.

यातली पंचाईत पंचांवरून आली; बाकी तिन्ही शब्द मूळचे अरबी, फारसीच्या वाटेने मराठीत मुरलेले. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात फारसी शिकवलेले माधव पटवर्धन, म्हणजेच कवी माधव जूलियन, यांनी 1925 साली अशा शब्दांसाठी फार्शी-मराठी कोशच तयार केला.

‘फजिती’च्या अरबी धातूचा अर्थ आहे उघडे पाडणे. सूरह अल्-हिज्रच्या 68व्या आयतीत हाच धातू येतो. घरी आलेल्या पाहुण्यांच्या बाबतीत आपली बेअब्रू करू नका, अशी विनवणी तिथे हजरत लूत (अ.) आपल्या लोकांना करतात.

मराठीत फजिती ‘होते’, जणू आपोआप. मूळ अर्थ मात्र सांगतो की ती कुणीतरी करत असते. रंकाळ्यावर कुणी घसरून पडला, तर हात देण्याआधी मोबाइल वर जातो. नव्या सुनेचा पांढरा रस्सा फुटला, तर त्याचा फोटो नात्यातल्या ग्रुपवर पोचतो. आपण पाच मिनिटे हसतो. तिला ते वर्षभर चिकटते.

सूरह अल्-हुजुरातच्या 11व्या आयतीत एकमेकांची टर उडवण्याला आणि वाईट नावे ठेवण्याला मनाई आहे. जो दुसऱ्याचा दोष झाकतो त्याचा दोष अल्लाह झाकतो, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण. आपण तिला पर्दापोशी म्हणतो. अर्थात, पर्दापोशी म्हणजे जुलूम लपवणे नव्हे. कुणावर अन्याय होत असेल, तर तो सांगायलाच हवा. पण साधी चूक चव्हाट्यावर मांडायची गरज काय?

पंचाईत कुणाचीही होईल, आफत सांगून येत नाही. दुसऱ्याची फजिती टाळणे मात्र बरेचसे आपल्या हातात आहे. पुढच्या वेळी रस्सा फुटला, तर ताट पुढे ओढावे, बिस्मिल्लाह म्हणावे आणि जेवायला लागावे.