वेळास – नानांचे आणि कासवांचे गाव

आपल्या मंडळात काही घरे देशावरून आलेली, तर काही कोकणातून. कोकणातल्या घरांतील मुलांना "आपण मूळचे कुठले?" असे विचारले की "कोकणातले" एवढेच उत्तर मिळते. गावाचे नाव माहीत असले तरी ते गाव कसे आहे, तिथे कोण राहते, ते कशावर जगते, हे नवनगरात वाढलेल्या पिढीला ठाऊक नसते. म्हणून या वेळी आम्ही किनाऱ्यावरच्या एकाच लहानशा गावाची माहिती देत आहोत. ते गाव म्हणजे वेळास. आपल्यापैकी ज्यांचे मूळ गाव दुसरे आहे, त्यांनाही आपल्या गावाची गोष्ट यात दिसेल असे वाटते.

वेळास हे रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातले, सावित्री नदीच्या मुखाजवळचे गाव. नदीच्या पलीकडे रायगड जिल्ह्यातले हरिहरेश्वर, अलीकडे बाणकोटचा किल्ला आणि त्याच्या दक्षिणेला वेळास. डोंगर उतरून आले की नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यांत कौलारू घरे, पुढे सुरूचे बन आणि मग समुद्र.

इतिहासात हे गाव ओळखले जाते ते भानू घराण्यामुळे. नाना फडणवीस म्हणजे बाळाजी जनार्दन भानू. नानांचा जन्म साताऱ्याचा, १२ फेब्रुवारी १७४२ चा. पण घराणे वेळासचे. शेजारच्या श्रीवर्धनचे भट आणि वेळासचे भानू यांचा जुना घरोबा. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या जाचामुळे दोन्ही घराण्यांतील माणसे किनारा सोडून घाटावर गेली. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ भट पेशवे झाले आणि फडणिशी भानूंकडे आली. नानांचे आजोबा बाळाजी महादेव भानू पेशव्यांबरोबर दिल्लीला गेले आणि १७१९ मध्ये तिथल्या दंग्यात मारले गेले. फडणीस हा शब्द 'फर्द-नवीस' यावरून आला. फर्द म्हणजे हिशेबाचा कागद आणि नवीस म्हणजे लिहिणारा. सारा जन्म खातेवह्यांत गेलेल्या आमच्यासारख्यांना याचा थोडा अभिमान वाटला तर वाचकांनी समजून घ्यावे!

वेळासचा आपल्या धारवाडशीही संबंध आहे. १७९० मध्ये टिपूविरुद्ध मराठे, निजाम आणि इंग्रज यांचा तह पुण्यात झाला, तो नानांच्या कारभारात. त्यानंतर परशुरामभाऊ पटवर्धनांनी धारवाडच्या किल्ल्याला वेढा घातला. वेढा अनेक महिने चालला आणि एप्रिल १७९१ मध्ये किल्ला हाती आला. पटवर्धन घराणेही किनाऱ्याकडचेच, रत्नागिरीजवळच्या कोतवड्याचे. म्हणजे धारवाडच्या ज्या किल्ल्याचे अवशेष आपण येता-जाता पाहतो, त्याच्या इतिहासात कोकणातली दोन लहान गावे आहेत.

पुढे १८१८ नंतर धारवाड मुंबई इलाख्यात आले. कचेऱ्या आणि शाळा निघाल्या. सदर्न मराठा रेल्वेचे मुख्य कार्यालय धारवाडला आणि कारखाना हुबळीला आला. नोकरीच्या वाटेने आणखी मराठी कुटुंबे इकडे आली आणि इथलीच झाली. कन्नड आपल्या मुलांच्या तोंडी मराठीइतकेच सहज बसले.

इकडे माणसे येत गेली तशी तिकडे गावे रिकामी होत गेली. कोकणात पाऊस भरपूर, पण भातशेतीची जमीन थोडी आणि तीही भावाभावांत वाटली गेलेली. एकेका घरातून एक-दोघे मुंबईला, गिरणीत किंवा कचेरीत नोकरीला जायचे आणि मागे राहिलेल्यांचे घर मनीऑर्डरवर चालायचे. रत्नागिरी जिल्ह्याला मनीऑर्डरचा जिल्हा म्हणत ते याचमुळे. मनीऑर्डर करणारी पिढी गेली की घराचा गावाशी उरलेला धागाही सुटतो. मग दाराला कुलूप लागते आणि चार पावसाळ्यांत कौले खाली येतात.

वेळासला या वाटेवर एक वेगळे वळण मिळाले, ते समुद्री कासवांमुळे.

ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांच्या माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री किनाऱ्यावर येतात. भरतीच्या रेषेच्या वर वाळूत दीड-एक फूट खड्डा करून त्यात शंभराच्या आसपास अंडी घालतात, खड्डा बुजवतात आणि समुद्रात निघून जातात. अंड्यांकडे पुन्हा फिरकत नाहीत. सुमारे ४५ ते ६० दिवसांत वाळूच्या उबेने पिल्ले बाहेर येतात. ऊब जास्त असेल तर माद्या अधिक निपजतात आणि कमी असेल तर नर. पूर्वी ही अंडी कोल्हे-कुत्रे उकरून खात, माणसेही काढून नेत. कायद्याने बंदी होती, पण रात्रीच्या किनाऱ्यावर कायदा बघणार कोण?

२००२ च्या सुमारास चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने वेळासमध्ये कासवांच्या रक्षणाचे काम सुरू केले. वन खाते आणि गावकरी यांची त्याला साथ मिळाली. पद्धत अगदी साधी आहे. गावातली माणसे पहाटे किनाऱ्यावर फिरून मादीच्या पावलांचा माग काढतात. सापडलेली अंडी जाळीने कुंपण घातलेल्या जागेत, तशाच खोलीच्या खड्ड्यात ठेवतात. पिल्ले निघाली की त्यांना सकाळ-संध्याकाळ वाळूवर सोडतात आणि ती स्वतःच्या पायांनी पाण्यात जातात. ती पाहायला लोक येऊ लागले, त्यातून कासव महोत्सव सुरू झाला. पाहुण्यांची राहण्या-जेवण्याची सोय गावातल्या घरांतच होते. त्यामुळे पैसा थेट त्या घरातल्या बाईच्या हाती येतो. ज्या अंड्यांची पूर्वी चोरी होई, ती आता राखण्यातच गावाचा फायदा आहे. हा हिशेब नानांनाही पटला असता!

जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्याच किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवले गेले. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेवर असा प्रयोग प्रथमच झाला, म्हणून तिचे नाव ठेवले 'प्रथमा'. मादी जन्मली त्याच किनाऱ्यावर परत येते असा समज आहे. पण ओडिशात २०२१ मध्ये खूण केलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. कासवेही किनारे बदलतात तर!

म्हणजे वेळासचे सगळे आलबेल झाले असे नाही. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आले आणि मंडणगड-दापोलीच्या वाड्यांतली हजारो झाडे आडवी झाली. नवी पोफळ फळायला पाच-सात वर्षे लागतात, माड त्याहून उशिरा. घरात तरुण माणूस असेल तर तो पुन्हा लावतो. नसेल तर वाडी पडून राहते. कासवांचा हंगामही वर्षातले दोन-तीन महिने. बाकीच्या महिन्यांसाठी गावाला माणसेच लागतात.

इथे आपला संबंध येतो. कोकणातल्या कितीतरी बंद घरांचे वारस आपल्यासारखे दूर राहणारे आहेत. सातबारा म्हणजे आपल्याकडची पहाणी. तिच्यावर अजून आजोबा-पणजोबांची नावे असतात. बँकेत असताना आम्ही पुष्कळ वेळा पाहिले की हयात नसलेल्या माणसाच्या नावावरच्या घराला दुरुस्तीचे कर्ज मिळत नाही. गावात राहणाऱ्या चुलतभावाची इच्छा असूनही तो कौल बदलू शकत नाही, कारण सह्या करणारे दहाजण दहा गावांत. म्हणून सभासदांना आमची विनंती आहे की वडीलधारी मंडळी आहेत तोवर वंशावळ लिहून ठेवा. मृत्यूचे दाखले गोळा करून तलाठ्याकडे वारस नोंद करा. घर गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीतली नोंद पाहा. स्वतःला जाणे होणार नसेल तर गावात राहणाऱ्या भावाला घर वापरू द्या आणि तसे कागदावर लिहून द्या.

आणि एकदा मुलांना घेऊन वेळासला जाऊन या. इथून बेळगाव, कोल्हापूर, कराड, कुंभार्ली घाट, चिपळूण, खेड, मंडणगड असा रस्ता आहे. पिल्ले नेमकी कोणत्या दिवशी निघतील हे सांगता येत नाही, म्हणून आधी गावात चौकशी करावी आणि दोन रात्री हाताशी ठेवाव्यात. किनाऱ्यावर विजेरी लावू नये, उजेडाने पिल्लांची दिशा चुकते. परत येताना वाट थोडी वाकडी करून आपल्या स्वतःच्या गावातही डोकवावे आणि कुलूप असेल तर ते उघडून एक दिवस चूल पेटवावी.