यंत्र घरात आले, मोकळा वेळ कोणाला मिळाला?

22 सप्टेंबर 2025 रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले आणि वातानुकूलन यंत्रे, मोठे टीव्ही व लहान मोटारी 28 टक्क्यांच्या टप्प्यातून 18 टक्क्यांवर आल्या. दिवाळीपर्यंतची सारी चर्चा मात्र कोणत्या खरेदीत किती हजार वाचले यातच गुंतून राहिली. त्याच यादीत भांडी धुण्याचे यंत्रही होते, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. धुलाई यंत्र व फ्रीज यांच्यावरील कर 2018 च्या जुलैमध्येच 18 टक्क्यांवर आला होता; म्हणजे बाईचे कष्ट हलके करणारी ही यंत्रे शासनाच्या लेखी दीर्घकाळ चैनीच्या वस्तूंच्या पंक्तीत बसलेली होती.

उत्पन्न वाढते तसा एकूण खर्चातील अन्नाचा वाटा घटतो, या 1857 मध्ये जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी मांडलेल्या नियमाचा प्रत्यय भारतात आता खेड्यांतही येतो. ग्रामीण कुटुंबांच्या खर्चात 1999-2000 मध्ये अन्नाचा वाटा सुमारे 59 टक्के होता, तो 2023-24 मध्ये 47 टक्क्यांवर आला. सुटलेला पैसा दुचाकी, मोबाइल, कपडे आणि घरगुती यंत्रांकडे, अनेकदा मासिक हप्त्यांच्या वाटेने, वळतो. याला सरसकट चंगळवाद म्हणणे अन्यायाचे आहे, कारण उन्हाळ्यात थंड पाणी मिळणे आणि चादरी हाताने पिळाव्या न लागणे हा आनंद खरा आहे व तो फार उशिरा मिळालेला आहे.

तरीही अमेरिकी इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवान यांनी 1983 मध्ये ‘मोअर वर्क फॉर मदर’ या ग्रंथात मांडलेला निष्कर्ष येथे गांभीर्याने घ्यावा लागतो. यंत्रांमुळे कामातील श्रम घटले, परंतु बाहेर सोपवलेली धुलाई घरात परतली, पुरुषांची व मुलांची कामे संपली आणि स्वच्छतेच्या अपेक्षा वाढल्या. परिणामी गृहिणीचा वेळ वाचलाच नाही. आठवड्यातून एकदा धुतली जाणारी वस्तू रोज यंत्रात पडू लागली, तर बचत कसली?

भारताच्या वेळ-वापर सर्वेक्षणाचे, म्हणजे माणसे दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात याच्या नोंदीचे, आकडे या शंकेला बळ देतात. घरकाम करणाऱ्या स्त्रिया 2019 मध्ये त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटे खर्च करत होत्या, 2024 मध्ये 289. पुरुषांची मिनिटे 97 वरून 88 वर आली. पाच वर्षांत स्त्रीच्या पदरी दहा मिनिटे पडली आणि पुरुषाच्या जवळजवळ तितकीच.

शिवाय पूर्ण स्वयंचलित धुलाई यंत्राला नळाचे पुरेशा दाबाचे पाणी लागते, आणि जिथे टँकरची वाट पाहावी लागते अशा मराठवाड्यातील गावांत करकपातीने ते येत नाही. तेथे अर्धस्वयंचलित यंत्र घेतले जाते, ज्यात पाणी बादलीने भरता येते. ती बादली भरून आणण्याचे काम अजूनही बहुतेक घरांत बाईचेच आहे.