सेनेगलची ईद आणि शेजारच्या घरचे ताट

पश्चिम आफ्रिकेच्या टोकाला, अटलांटिक महासागराच्या काठी सेनेगल हा देश आहे. शंभरातील सुमारे ९५ लोक मुसलमान, उरलेले बहुतेक ख्रिस्ती. तिथे रमजान ईदला ‘कोरिते’ म्हणतात आणि बकरी ईदला ‘तबास्की’. वर्षातला सर्वांत मोठा सण तबास्कीचा.

ईदच्या आधी काही आठवडे राजधानी डकारच्या रस्त्यांवर मेंढ्यांचे बाजार भरतात. पुष्कळ मेंढे शेजारच्या माली आणि मॉरिटानियातून येतात. ईदच्या दिवशी नमाज आणि कुर्बानी झाली की लोक एकमेकांना भेटून झाल्या-गेल्याची माफी मागतात आणि ‘देवेनाती’ म्हणतात, म्हणजे पुढच्या वर्षीही हा दिवस पाहायला मिळो. संध्याकाळी नव्या कपड्यांतली मुले घरोघर फिरून पैसे मागतात. आपल्याकडची ईदीच ती!

या सणाला एक दुखरी बाजूही आहे. दारात मेंढा नसेल तर चारचौघांत मान खाली जाईल, या भीतीने अनेक जण कर्ज काढतात. ऐपत नसलेल्यावर शरीअतने हा बोजा टाकलेला नाही. तो टाकते लोकलाज. आपल्या मोहल्ल्यांतही हे घडतेच.

पण सेनेगलकडून घ्यावी अशी गोष्ट वेगळीच आहे. तबास्कीला मुसलमान घरांतून ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे गोश्ताचा वाटा जातो. मग गुड फ्रायडेला ख्रिस्ती घरांतून मुसलमान शेजाऱ्यांकडे ‘न्गालाख’ येतो. बाजरीच्या वाफवलेल्या कण्या, वाटलेले शेंगदाणे, गोरखचिंचेच्या फळाचा आंबट गर आणि साखर घालून केलेला हा गोड पदार्थ. तो पातेली भरभरून करतात, कारण घरच्यापेक्षा वाटण्यासाठीच जास्त लागतो. नाताळ आणि तबास्की, दोन्हींची सरकारी सुट्टी सर्वांना असते. याच मुस्लिमबहुल देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष, कवी लिओपोल्ड सेंघोर, कॅथलिक होते आणि १९६० ते १९८० अशी वीस वर्षे त्या पदावर राहिले.

मेंढा केवढा होता हे वर्षभरात लोक विसरतात. ताट आले होते की नाही, हे विसरत नाहीत. आपल्याकडेही शिरखुर्मा शेजारी जातो आणि दिवाळीचा फराळ येतो. फक्त या ईदला ते ताट स्वतः नेऊ नका, मुलांच्या हातात द्या. दार कुणाचे, कुठले, हे त्यांना कळले तरच ही वाट पुढे चालू राहील.